आर्वो पॅर्टचा ‘ताबुला रासा’: कुठून सुरू करावा, काय ऐकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रागसंगीत बरीच वर्षं ऐकता, पाश्चात्त्य आधुनिक संगीताशी ओळख नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराचा ‘ताबुला रासा’ अल्बम तीनदा लावला आणि तिन्ही वेळा अर्ध्यात बंद केला. पहिला आणि तिसरा ट्रॅक एकाच नावाचा का, दुसऱ्यात उतरत्या सरगमेपलीकडे काय आहे, आणि चौथ्याच्या सुरुवातीलाच आवाज का तुटतो?

शेवटच्याचं आधी सांगून टाकतो, कारण त्यापायी लोक वायरी तपासत बसतात. आवाज तुटत नाही. दोन व्हायोलिनांनी पूर्ण ताकदीने एकच स्वर लावल्यावर तिथे चांगली लांबलचक शांतता लिहिलेली आहे, मात्रा मोजून. रचनेतली पहिली शांतता सर्वांत मोठी, म्हणून पहिल्यांदा ऐकणारा हमखास फसतो. पुढच्या शांतता क्रमाने लहान होत जातात. तिचं काम पुढे सांगतो.

आधी तुम्ही नेमका हाच अल्बम लावताय ना, ते बघा. ‘ताबुला रासा’ नावाचे बरेच अल्बम आहेत, आणि पॅर्टच्या याच रचना इतरांनीही भरपूर मुद्रित केल्या आहेत. स्ट्रीमिंग ॲपमध्ये कलाकार म्हणून वादकाचं नाव येतं, संगीतकार कुठेतरी कोपऱ्यात असतो. हवा तो ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीच्या न्यू सिरीजमधला, क्रमांक 1275, साल 1984. निर्माता मानफ्रेड आयशर. ही मालिका सुरू झाली ती याच अल्बमने. ट्रॅक चार: ‘फ्रात्रेस’ (व्हायोलिन आणि पियानो, 11 मिनिटं 24 सेकंद), ‘कांटुस, बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ’ (5 मिनिटं), पुन्हा ‘फ्रात्रेस’ (बारा चेलो, म्हणजे बसून वाजवायची मोठी, खालच्या स्वरांची व्हायोलिनं; 11 मिनिटं 49 सेकंद) आणि ‘ताबुला रासा’ (26 मिनिटं 26 सेकंद). एकूण पाऊण तासाच्या वर, एका तासाच्या आत.

चारही मुद्रणं वेगवेगळ्या ठिकाणची आहेत. पहिलं ऑक्टोबर 1983 मधलं, बासेल इथलं. व्हायोलिनवर गिडॉन क्रेमर आणि पियानोवर कीथ जॅरेट, जो जगाला जॅझवाला म्हणूनच ठाऊक होता. ‘कांटुस’ जानेवारी 1984, श्टुटगार्टचा वाद्यवृंद, संचालक डेनिस रसेल डेव्हिस. बारा चेलो बर्लिन फिलहार्मोनिकचे, फेब्रुवारी 1984. आणि चौथं नोव्हेंबर 1977 चं, बॉन शहरातल्या मैफलीचं, कोलोनच्या डब्ल्यूडीआर रेडिओने केलेलं थेट मुद्रण. त्यात क्रेमरसोबत दुसऱ्या व्हायोलिनवर तात्याना ग्रिंडेन्को आहे, लिथुआनियन चेंबर ऑर्केस्ट्रा साउलियुस सोंदेत्स्किसच्या हाताखाली, आणि पियानोवर आल्फ्रेड श्निटके, जो स्वतः मोठा संगीतकार. म्हणजे चौथ्या ट्रॅकला आवाजाचा पोत एकदम बदलला, हवा वेगळी वाटली, तर तुमच्या स्पीकरचा दोष नाही. ते सहा-सात वर्षं जुनं रेडिओचं टेप आहे. नव्या स्टुडिओत पुन्हा मुद्रण करण्याऐवजी तेच ठेवलं, हे फार बरं केलं. पुढची कितीतरी मुद्रणं जास्त स्वच्छ आहेत, पण पहिल्याच हंगामातला तो ताण त्यांत नाही. रचनेचा पहिला प्रयोग 30 सप्टेंबर 1977 ला एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनमध्ये झाला होता. मुद्रण त्यानंतर दोन महिन्यांच्या आतलं.

आता लावण्याची पद्धत. या संगीताच्या बाबतीत निम्मी तक्रार इथेच मिटते.

आवाजाची पातळी पहिल्या ट्रॅकवर ठरवू नका, ‘कांटुस’च्या सुरुवातीवर तर मुळीच नाही. ती जवळजवळ ऐकू न येणाऱ्या पातळीवर सुरू होते; तिथे आवाज वाढवलात तर चार मिनिटांनी घर हादरेल. चौथा ट्रॅक लावा, पहिला स्वर अंगावर येईल पण कान मिटावेसे वाटणार नाहीत इतका आवाज ठेवा, आणि मग त्या बटणाला हात लावू नका. या पातळीवर ‘कांटुस’ची पहिली काही सेकंदं पंख्याच्या आवाजात बुडत असतील तर पंखा बंद करा. रात्री दहानंतर ऐकणं हा साधा उपाय आहे.

ॲपमध्ये चार गोष्टी तपासा. एका गाण्यात दुसरं मिसळणारा क्रॉसफेड बंद. शफल बंद. आवाज आपोआप समान करणारी सोय एक तर बंद, नाहीतर अल्बमच्या पातळीवर. गाण्यागणिक समान केलं की पाच मिनिटांचा ‘कांटुस’ आणि साडेसव्वीस मिनिटांचा ‘ताबुला रासा’ यांच्यातलं नातं मोडतं. आणि काही प्लेअरमध्ये ‘शांतता वगळा’ अशी सोय असते. पॉडकास्टसाठी ती ठीक, इथे ती अर्धी रचना खाऊन टाकेल.

ब्लूटूथ स्पीकरचा एक खास त्रास. वीज वाचवण्यासाठी बरेच स्पीकर ठरावीक पातळीखाली सिग्नल गेला की स्वतःला मुके करतात आणि आवाज आला की पुन्हा जागे होतात. त्यामुळे विरत जाणाऱ्या घंटेचं शेपूट मध्येच कापलं जातं आणि शांततेनंतरच्या पहिल्या स्वराचं तोंड गिळलं जातं. ‘कांटुस’चा शेवट कात्रीने कापल्यासारखा वाटला तर हे कारण. वायरचा हेडफोन लावून तीच जागा ऐका, फरक लगेच कळेल. फोनच्या स्पीकरवर ऐकण्यात मात्र काहीच अर्थ नाही. ‘कांटुस’मध्ये पाच थर आहेत; सर्वांत खालचा, डबल बासचा (चेलोहूनही मोठं वाद्य), उतरत उतरत 110 हर्ट्झच्या खाली जातो, आणि फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. पाचातला एक थर गेला म्हणजे इमारतीचा पाया गेला.

एलपी घेणार असाल तर एवढं ध्यानात घ्या: पहिल्या तीन रचना मिळून सव्वाअठ्ठावीस मिनिटं एका बाजूला, उरलेली साडेसव्वीस दुसऱ्या बाजूला. एका बाजूला इतका वेळ बसवायचा तर खोबणी कमी पातळीवर कापावी लागते, म्हणून तबकडीची करकर तुलनेने वर येते. त्यात भर अशी की सर्वांत हळवा भाग, म्हणजे ‘ताबुला रासा’चा शेवट, तबकडीच्या आतल्या कडेला येतो, आणि तिथे सुई सर्वांत जास्त चुकते. तबकडी दिसायला सुरेख आहे, पण या अल्बमसाठी सीडी किंवा चांगली डिजिटल फाइल सरस.

आता मूळ विषय. पॅर्ट 1935 साली एस्टोनियातल्या पाइदे इथे जन्मला. टालिनमध्ये शिकत असतानाच तो एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करू लागला, 1958 ते 1967. सुरुवातीला बारा स्वरांच्या पद्धतीने लिहिलं, मग जुन्या-नव्याचे तुकडे जोडून. 1968 च्या ‘क्रेडो’मधल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या शब्दांमुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवला. त्यानंतरची बरीचशी वर्षं त्याने मध्ययुगीन चर्चगायन आणि प्रबोधनकाळातलं कंठसंगीत वाचण्यात घालवली. 1971 च्या तिसऱ्या सिंफनीशिवाय त्या काळात मोठं असं थोडंच. 1976 मध्ये ‘फ्युर अलिना’ नावाची पियानोची छोटी रचना आली आणि तिथून नवी पद्धत सुरू झाली. तिला तो ‘टिंटिनाब्युली’ म्हणतो, लॅटिनमधल्या लहान घंटेवरून. या अल्बममधल्या तिन्ही रचना मूळ 1977 या एकाच वर्षातल्या आहेत. 1980 च्या जानेवारीत त्याने देश सोडला, आधी व्हिएन्ना आणि मग बर्लिन.

पद्धत दोन ओळींत सांगता येते, आणि हार्मोनियम जवळ असेल तर दहा मिनिटांत हाताला येते. पांढरी सहाचा सा धरा. तिथून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा: सा रे ग॒ म प ध॒ नि॒ सां, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर (खाली रेघ तो कोमल). आता दोन आवाज कल्पा. पहिला या सप्तकात एकेका पायरीने चालतो. उडी नाही, मुरकी नाही, वळण नाही. दुसऱ्याला फक्त तीन स्वर माहीत आहेत: सा, ग॒ आणि प. पहिला जो स्वर लावेल त्याच्या लगेच वरचा, या तिघांपैकी जो असेल तो, दुसऱ्याने लावायचा. सा वर ग॒. रे वरही ग॒च. ग॒ वर प. म वर पच. प वर तार सा, ध॒ वर तोच, नि॒ वरही तोच.

एकाने गा, दुसऱ्याने पेटीवर हा जोडस्वर धरा, अगदी सावकाश. सा-ग॒ गोड. रे-ग॒ अंतर अर्ध्या स्वराचं, तिथे खरखर. ग॒-प गोड. म-प ठेच. प-सां मोकळं. ध॒-सां गोड. नि॒-सां पुन्हा ठेच. म्हणजे गोड आणि खरखरीत यांची अदलाबदल नियमातूनच पडते; भाव आणण्यासाठी कुणी मुद्दाम विसंवादी स्वर पेरलेले नाहीत. पॅर्टच्या रचनेतली जी व्यथा ऐकू येते ती बहुतांश या रे, म आणि नि॒ च्या जागांवर राहते. संगीतकार नियम थोडे फिरवतो: दुसरा आवाज वरच्याऐवजी खालचा स्वर घेतो, किंवा जवळचा सोडून त्याच्या पुढचा घेतो, किंवा वर-खाली आलटून पालटून. पण एकदा ठरवलं की त्या तुकड्यापुरता नियम मोडत नाही. पहिला आवाज भटकतो आणि दुसरा घरी थांबतो, असं त्याच्या संगीताबद्दल नेहमी सांगितलं जातं. ते पटत नसलं तरी पेटीवर वाजवल्यावर पटतं.

हे हाताखालून गेल्यावर ‘कांटुस’ लावा. पहिला ट्रॅक सोडा. अल्बमचा क्रम नंतरच्या ऐकण्यासाठी उत्तम आहे. नवख्याला तो दारातच अडवतो, कारण पहिल्या ‘फ्रात्रेस’मध्ये क्रेमरचं व्हायोलिन इतकं लक्ष वेधतं की खालची चौकट दिसत नाही. ‘कांटुस’मध्ये चौकटीशिवाय काहीच नाही.

वाद्यं: तार-वाद्यवृंद आणि एक घंटा, पांढरी सहाची. ब्रिटिश संगीतकार ब्रिटन 4 डिसेंबर 1976 ला वारला, त्याच्या स्मृतीत ही रचना आहे. घंटा वाजते, मग पहिली व्हायोलिनं उंच सा वरून उतरू लागतात, आणि उतरण्याची रीत तुमच्या ओळखीची आहे, कारण गळा तयार करताना असले पलटे प्रत्येकाने घोटलेले असतात: सां, सां नि॒, सां नि॒ ध॒, सां नि॒ ध॒ प. दर वेळी पुन्हा वरून सुरुवात, दर वेळी एक पायरी जास्त. पूर्ण सप्तक उतरायचं तर असे आठ पलटे, छत्तीस स्वर. स्वरांची लांबी आलटून पालटून: एक लांब, एक आखूड, दोन मात्रा आणि एक मात्रा.

तुम्हाला ‘उतरत्या सरगमेपलीकडे’ हवंय ते इथून पुढे आहे. दुसरी व्हायोलिनं हेच, एक सप्तक खालून आणि निम्म्या गतीने सुरू करतात: चार मात्रा आणि दोन. व्हिओला आणखी एक सप्तक खाली, आठ आणि चार. चेलो सोळा आणि आठ. डबल बास बत्तीस आणि सोळा. आपल्या भाषेत सांगायचं तर डबल बासची लय बरोबरीची धरा. चेलो दुगुनीत आहे, व्हिओला चौगुनीत, दुसरी व्हायोलिनं आठपटीत आणि पहिली सोळापटीत. तबलजी या लयी एकामागून एक दाखवतो. इथे त्या पाचही एकदम, पाच सप्तकांवर चालू आहेत. शिवाय व्हिओला सोडून प्रत्येक गट दोन भागांत वाटलेला आहे, अर्धे पायऱ्या उतरतात आणि अर्धे सा-ग॒-प चे जोडस्वर देतात.

ऐकण्याची युक्ती: वरच्या व्हायोलिनांचा नाद सोडा, ती आपोआप ऐकू येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकताना कान डबल बासला लावून ठेवा. त्याचे स्वर इतके हळू बदलतात की तो बदलला हे बदलल्यावर कळतं. प्रत्येक गट आपापल्या शेवटच्या स्वरावर पोचला की तिथेच थांबून तो धरून ठेवतो; पहिली व्हायोलिनं कोमल गंधारावर येऊन थांबतात आणि बाकीच्यांची वाट पाहतात. शेवटी सगळे सा-ग॒-प वर, सर्वांत मोठ्या आवाजात. मग एकदम थांबतात.

आणि आता ज्या दोन-तीन सेकंदांसाठी वर आवाजाची एवढी पथ्यं सांगितली ती येतात. वाद्यवृंदाच्या गजरात घंटेवर एक हलका टोला पडलेला असतो, तो ऐकूच येत नाही. तंतुवाद्यं थांबल्यावर तो उघडा पडतो. नीट ऐकलंत तर घंटेच्या सा मध्ये शुद्ध गंधार आहे. पाच मिनिटं कोमल गंधारात भिजलेल्या कानाला तो शुद्ध गंधार काय करतो ते शब्दांत सांगण्यात हशील नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून निघणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकलाय त्याला हा ओळखायला वेळ लागणार नाही. तानपुऱ्याची तार पातळ आणि लांब असल्यामुळे तिचे उपस्वर शिस्तीत असतात, घंटेचे तितके नसतात. म्हणून हा गंधार काहीसा तिरका, धुरकट ऐकू येतो. पण तो आहे.

आता ‘फ्रात्रेस’. एकच रचना दोनदा का, याचं साधं उत्तर: ती मुळात कुठल्याच वाद्यासाठी बांधलेली नव्हती. 1977 मध्ये ती तीन आवाजांची आकृती म्हणून लिहिली गेली, टालिनच्या ‘हॉर्टुस मुझिकुस’ या जुनं संगीत वाजवणाऱ्या चमूसाठी. पुढे पॅर्टने तिचे बरेच पाठ केले. व्हायोलिन-पियानोचा 1980 च्या साल्झबर्ग महोत्सवासाठी झाला, आणि त्यात वर नवं व्हायोलिन जोडलं. अल्बममध्ये दोन्ही ठेवण्यामागची सोय अशी की पहिल्यात अलंकार दिसतो आणि तिसऱ्या ट्रॅकमध्ये नुसती भिंत. म्हणून बारा चेलोंचा पाठ आधी ऐका.

आकृती अशी. खाली सा-प चा षड्ज-पंचम सतत धरलेला, पुन्हा पांढरी सहाच्याच सा वर. तानपुरा म्हणायला हरकत नाही. त्यावर नऊ खंड. दोन खंडांच्या मध्ये ठक-ठक असा छोटा ठेका येतो. त्याला ‘आसरा’ म्हणतात, आणि शब्द बरोबर आहे, श्वास घ्यायची जागा आहे ती. एका खंडात 7, 9 आणि 11 मात्रांची तीन वाक्यं, आणि मग तशीच तीन उलट दिशेने; दर वाक्यात मधोमध दोन स्वर वाढतात. पुढचा खंड हेच सगळं दोन पायऱ्या खालून. चेलोंच्या पाठात आवाज हळूहळू चढतो आणि पुन्हा ओसरतो. मिरवणूक लांबून येते, दारावरून जाते, लांब जाते, तसं. खंड मोजत ऐका, बोटांवर. नऊ झाले की संपलं. मोजलं नाही तर ही रचना सगळीकडे सारखीच वाटते, ती तक्रार खरी आहे.

रागाच्या कानाला इथे मोठी मेजवानी आहे. बाहेरचे दोन आवाज, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा, कायम सारख्या अंतराने समांतर चालतात, आणि त्यांचे स्वर पांढरी सहाच्या सा वरून मोजले तर: सा रे॒ ग म प ध॒ नि॒. पेटीवर काळी पाच आणि काळी एक या दोनच काळ्या पट्ट्या लागतात. बसंत मुखारीचे स्वर. पाश्चात्त्य वाचक हे पांढरी दोनवरून मोजतो आणि वेगळं नाव देतो, पण खाली सतत वाजणारा षड्ज-पंचम पांढरी सहाचा असल्यामुळे तुमचा कान बसंत मुखारीकडेच जाणार. आता मधला आवाज पाहा: त्याला परवानगी फक्त सा, ग॒ आणि प ची. म्हणजे बाहेर शुद्ध गंधार आणि आत कोमल गंधार. कधी ते लागोपाठ येतात, कधी एकमेकांवर आदळतात. ‘फ्रात्रेस’चा जो कडवट-गोड रंग सगळ्यांना जाणवतो आणि सांगता येत नाही, तो मुख्यतः या दोन गंधारांचा आहे.

हे लक्षात आल्यावर पहिला ट्रॅक लावा. सुरुवातीला व्हायोलिन एकटंच चारही तारांवरून गज झपाट्याने पुढे-मागे फिरवतं. त्या धावपळीत तीच तीन आवाजांची आकृती लपलेली आहे, फक्त एकेका स्वरात फोडलेली. मग पियानो खालून खोल षड्ज-पंचमाचा ठोका देतो, तो ‘आसरा’. तिथून पियानो भिंत बांधतो आणि व्हायोलिन दर खंडात नवं काहीतरी करतं: कुठे लांब स्वर, कुठे दुहेरी तारा, कुठे तारेला हलका स्पर्श करून काढलेले शिट्टीसारखे उपस्वर. जॅरेट इथे जॅझचा एकही डाग पडू देत नाही. पियानो वाजवणाऱ्यांनी त्याच्या ठोक्यांची समान पातळी ऐकावी. इतक्या सोप्या स्वरांत ती राखणं फार अवघड असतं, कारण लपायला जागाच नाही.

‘ताबुला रासा’ म्हणजे कोरी पाटी. दोन व्हायोलिनं, तार-वाद्यवृंद आणि प्रिपेअर्ड पियानो, म्हणजे तारांमध्ये स्क्रू वगैरे अडकवून ज्याचा आवाज बदलला आहे असा. त्यामुळे त्याचा स्वर पियानोसारखा न येता फुटक्या घंटेसारखा, कधी घंगाळावर पळी मारल्यासारखा येतो. ही वाद्यं निवडण्यामागे व्यवहार होता: टालिनच्या त्या कार्यक्रमात श्निटकेचा पहिला ‘कॉन्चेर्टो ग्रोसो’ही होता, आणि त्यातही दोन व्हायोलिनं आणि असाच पियानो. वाद्यं हजर होतीच.

पहिला भाग ‘लुडुस’, म्हणजे खेळ. आधी तो मोठा स्वर, दोन व्हायोलिनांवर अतिउंच आणि अगदी खालचा एकदम, आणि मग ती शांतता. पुढे दर फेरीत संगीत लांबतं आणि शांतता आक्रसते, जणू शांततेची जागा थोडी थोडी बळकावली जातेय. शेवटी जागा उरतच नाही, सगळं एका वावटळीत जातं आणि भाग संपतो. हे कळल्यावर पहिली शांतता सहन करणं सोपं होतं, कारण ती या हिशोबातली पहिली रक्कम आहे. थेट मैफल असल्यामुळे त्या शांततेत सभागृहाची हवा आहे. ती ऐका, डिजिटल शून्य नाही ते.

साधारण दहा मिनिटांनी ‘सिलेन्टियुम’. नावाप्रमाणे शांतता, पण यात एकही मोठा विराम नाही; शांतता पहिल्या भागात वाजून झालेली आहे. सा बदलतो, आता पांढरी दोन. एकल व्हायोलिनं सा पासून निघतात, एक पायरी जाऊन परत येतात, मग दोन, मग तीन. फेरी दर वेळी मोठी. वाद्यवृंदातल्या जोड्या हेच वेगवेगळ्या गतींनी करतात. व्हायोलिन सा वर परतलं की पियानो खालून वर एक झणकार देतो. तो झणकार म्हणजे तुमचा खुणेचा दगड: फेऱ्या वाढत जातात तसे दोन झणकारांमधलं अंतर वाढत जातं. पहिले काही पटापट येतात, नंतर तुम्ही वाट पाहू लागता, मग विसरता, आणि मग तो येतो. ध्यानाच्या यादीत घालून मागे वाजवायला हा भाग हल्ली फार वापरतात. तसा वापरला तर हे वाढतं अंतर निसटतं, आणि उरते ती नुसती थंडगार झुळूक.

शेवट डोळे मिटून ऐका. स्वर सप्तक उतरत जातात, एका वाद्याकडून त्याहून खालच्या वाद्याकडे, शेवटी फक्त डबल बास. तो रे वर येतो आणि थांबतो. सा येत नाही. त्यानंतर स्वरलिपीत रिकाम्या मात्रा लिहिल्या आहेत. रागसंगीताच्या श्रोत्याला हे इतर कुणाहीपेक्षा जास्त बोचेल, कारण सोळा मिनिटं एकच सा कानात मुरलाय आणि रे वर कुणी थांबत नसतं. तो सा तुम्ही मनात लावता, तोच शेवटचा स्वर. म्हणून इथे ॲपने आपणहून पुढचं काही सुरू केलं तर रचना मोडते. ‘पुढे आपोआप वाजवा’ तेवढं बंद ठेवा.

एका बाबतीत मात्र तुमचा सवयीचा कान आडवा येईल. बसंत मुखारी म्हटलं, आसावरी थाट म्हटलं, म्हणजे तसं चलन येईल अशी वाट पाहू नका. इथे वादी-संवादी नाही, मींड नाही, न्यास हिशोबाने पडतात, आणि वादक स्वतःचं काहीही घालत नाही. क्रेमरने एक गमक जास्त घेतली तर ती चूक ठरेल. बढत आहे, पण ती कल्पनेची नसून मोजणीची. गवई पुढे काय करेल या उत्सुकतेने बसलात तर दोन मिनिटांत कंटाळाल; पुढे काय होणार हे माहीत असूनही ते कसं होतं ते ऐकायला बसलात तर टिकाल. पलटे रोज घोटणाऱ्यांना यात नुसत्या श्रोत्यांपेक्षा लवकर गोडी लागते.

क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी फक्त ‘कांटुस’, लागोपाठ दोनदा, दुसऱ्या वेळी डबल बासवर कान. दुसऱ्या दिवशी चेलोंचा ‘फ्रात्रेस’, नऊ खंड मोजत, आणि लगेच व्हायोलिनचा. ‘ताबुला रासा’ तिसऱ्या दिवशी, मध्ये न थांबता. चौथ्या वेळी अल्बम पहिल्यापासून, दिलेल्या क्रमाने. स्वरलिपी वाचता येत असेल तर व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने या रचना छापल्या आहेत; ‘कांटुस’ची पानं नुसती लांबून पाहिली तरी पाच गतींच्या तिरप्या रेषा दिसतात. पुढे ऐकायला 1999 चा ‘अलिना’ घ्याल, सगळे तोच सुचवतात आणि तो सोपाही आहे. पण त्याआधी 1987 चा ‘आर्बोस’ ऐका. त्यात हीच पद्धत शब्दांना आणि पितळी वाद्यांना लावलेली आहे, आणि ‘कांटुस’मधली लयींची उतरंड तिथे पुन्हा भेटते.